घरात रेंज नाही, पण वायफाय आहे ना?

अनेक घरांत देवघरासारखीच ठरलेली एक ‘रेंजची जागा’ असते. कुणाकडे ती स्वयंपाकघराच्या खिडकीत, कुणाकडे गॅलरीच्या उजव्या कोपऱ्यात, तर कुणाकडे थेट अंगणात तुळशीवृंदावनापाशी. पाहुणे आले की पाण्याचा तांब्या पुढे करतानाच त्यांना सांगितलं जातं, “फोन त्या खिडकीत ठेवा हं, आत लागत नाही.” मग जेवता जेवता फोन वाजला की सगळे खिडकीकडे धावतात. पोहोचेपर्यंत तो बंद झालेला असतो.

आपल्याला याची इतकी सवय झाली आहे की त्यातला त्रास जाणवेनासा झालाय. पण गुडघे दुखणारी आजी भर पावसात ओट्यावर उभी राहून लेकीशी बोलते, तेव्हा तो त्रास खरा असतो. मुलाखतीसाठी बोलावणारा फोन ‘आउट ऑफ कव्हरेज’ ऐकून दुसऱ्या उमेदवाराकडे वळतो, तेव्हा नुकसानही खरं असतं. हे फक्त खेड्यातलं दुखणं नाही. बंगळूरू किंवा पुण्याच्या चकचकीत टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही बोलण्यासाठी लिफ्टजवळ जाऊन उभं राहावं लागतं.

गंमत म्हणजे यातल्या कितीतरी घरांत ब्रॉडबँड आहे. टीव्ही त्याच्यावर चालतो, मुलांचा अभ्यास चालतो, आजोबांचं कीर्तनही चालतं. फक्त साधा फोन चालत नाही. तो चालू शकतो, आणि त्यासाठी लागणारी सोय बहुतेकांच्या फोनमध्ये आधीपासूनच आहे. तिचं नाव वायफाय कॉलिंग.

हे नेमकं आहे तरी काय?

एरवी आपण फोन लावतो तेव्हा आपला आवाज रेडिओलहरींवरून जवळच्या टॉवरकडे जातो आणि तिथून कंपनीच्या यंत्रणेत शिरतो. वायफाय कॉलिंगमध्ये फक्त हा पहिला टप्पा बदलतो. आवाज टॉवरऐवजी घरातल्या राउटरकडे जातो, ब्रॉडबँडच्या तारेतून तुमच्या सिमकार्डाच्या कंपनीपर्यंत पोहोचतो आणि पुढे नेहमीच्या वाटेने निघतो. वाटेत कुणी ऐकू नये म्हणून फोन आणि कंपनी यांच्यात तो कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात जातो. त्यामुळे घरचं ब्रॉडबँड एका कंपनीचं आणि सिम दुसऱ्या कंपनीचं असलं तरी काही बिघडत नाही.

नंबर तोच, डायल करायची पद्धत तीच. वेगळं ॲप घ्यायचं नाही, कुठे नाव नोंदवायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोरच्याकडे यातलं काहीही असायची गरज नाही. त्याच्याकडे बटणांचा फोन असो की भिंतीवरचा लँडलाइन, त्याला फरकही कळत नाही.

“मग व्हॉट्सॲप कॉल आहेच की!” असं कुणीतरी म्हणणार, हे मला ठाऊक आहे. माझ्या ओळखीतली निम्मी माणसं हेच म्हणतात. आहे, पण व्हॉट्सॲपवर कोण कोण येतं ते आठवून पाहा. पुण्यातली मावशी येते, अमेरिकेतला भाऊ येतो. बँकेची ‘हिंदीसाठी दोन दाबा’वाली बाई येत नाही. पॅथॉलॉजी लॅबमधून “रिपोर्ट तयार आहे, डॉक्टरांना लगेच दाखवा” असं सांगणारा मुलगा साध्या नंबरवरूनच फोन करतो. शाळेचं ऑफिस, दवाखान्याचा लँडलाइन, दाराशी उभा असलेला पार्सलवाला, गॅस सिलिंडरचा माणूस, नोकरी देणारी कंपनी, झालंच तर साधा फोन वापरणारे गावचे काका, हे सगळे आपल्याला आपल्या नंबरवर शोधतात. व्हॉट्सॲपने आपण ज्यांना फोन करायचं ठरवलं आहे त्यांची सोय होते. पण ज्यांचा फोन कधी येईल ते आपल्याला माहीत नसतं, त्यांच्यासाठी आपला नंबरच लागायला हवा.

भारतात ही सोय तशी अलीकडची. एअरटेलने डिसेंबर २०१९मध्ये दिल्ली परिसरापासून सुरुवात केली, जानेवारी २०२०मध्ये जिओने ती देशभर आणली. त्यानंतर दोनच महिन्यांनी लॉकडाऊन लागला आणि घरात बसून फोन करण्याची गरज किती मोठी आहे, ते सगळ्यांनाच कळलं. व्होडाफोन-आयडियाने त्याच वर्षाच्या अखेरीस सुरुवात केली. बीएसएनएल या पंगतीत सगळ्यात उशिरा बसली. इतकी वर्षं होऊनही घराघरांत ही सोय बंदच का असते, याचं माझं साधं उत्तर म्हणजे कुणी सांगितलंच नाही. रिचार्जच्या नव्या ऑफरचे दिवसाला चार मेसेज येतात, याचा मात्र एकही येत नाही.

रेंज भिंतीपाशी का अडते?

बाहेर चार काड्या आणि आत शून्य, असं का होतं? मोबाइलच्या सगळ्या लहरी सारख्या नसतात. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात. २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी जास्त डेटा वाहून नेतात, पण भिंतीशी लवकर दमतात. फाइव्ह-जीसाठीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या लहरी तर त्याहूनही नाजूक. म्हणून फोन नवा घेतला, फाइव्ह-जी घेतलं, तरी मधल्या खोलीतली रड तशीच राहते.

त्यात आपली घरं. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांचं जाळं असतं, कोकणातल्या जुन्या घरांच्या जांभ्या दगडाच्या भिंती हातभर जाड असतात, पत्र्याचं छप्पर लहरींना सरळ परत पाठवतं. नव्या इमारतींच्या काचांवर ऊन अडवण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेला असतो, तो ऊन अडवतो आणि सिग्नलही. तळघरातल्या पार्किंगबद्दल तर बोलायलाच नको. यातलं काहीही तुम्ही-आम्ही बदलू शकत नाही. टॉवर कुठे उभा करायचा हेही आपल्या हातात नाही. सेटिंग मात्र आपल्या हातात आहे.

सुरू कसं करायचं?

माझ्या बाबांचं ठाम मत आहे की सेटिंग उघडलं की फोन बिघडतो. तुमच्या घरीही असं कुणी असेल तर त्यांना सांगा, हा पर्याय चालू-बंद केल्याने काहीही बिघडत नाही.

प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये हा पर्याय वेगळ्या कोपऱ्यात दडवलेला असतो. म्हणून सोपी युक्ती सांगते. सेटिंग उघडा आणि वर शोधण्याची जी चौकट असते तिच्यात ‘वायफाय कॉलिंग’ टाइप करा, फोन इंग्रजीत असेल तर इंग्रजीत. बहुतेक फोन तुम्हाला थेट त्या जागी नेऊन सोडतात. हाताने शोधायचं असेल तर साध्या अँड्रॉइडमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मधल्या सिमच्या पानावर, सॅमसंगमध्ये ‘कनेक्शन्स’मध्ये आणि शाओमीच्या फोनमध्ये सिमकार्डाच्या पानावर ‘वायफाय वापरून कॉल करा’ अशा अर्थाच्या ओळीत तो सापडतो. आयफोनमध्ये ‘फोन’च्या सेटिंगमध्ये बघा. तिथे आपत्कालीन पत्ता विचारला किंवा अटी दाखवल्या, तर वाचून पुढे जा.

दोन सिम असतील तर प्रत्येक सिमसाठी बटण वेगळं असतं. एकासाठी चालू केलं म्हणजे दुसऱ्यासाठी झालं, असं नाही. आणि आईच्या फोनमध्ये बँकेला दिलेला नंबर बहुतेक वेळा दुसऱ्याच सिमचा असतो, तेव्हा तेवढं नीट बघा. सोबत ‘व्होल्टी’ किंवा ‘फोर-जी कॉलिंग’ नावाचं बटणही चालू ठेवा. वायफायवर सुरू असलेला कॉल टॉवरवर जातो तो त्याच्याच जोरावर.

काही फोन पुढे विचारतात, वायफायला प्राधान्य द्यायचं की मोबाइल नेटवर्कला? घरात रेंज अगदीच नसेल तर प्रश्नच नाही. पण ती येऊन-जाऊन असेल तर वायफायला प्राधान्य द्या. नाहीतर फोन त्या एका लुकलुकत्या काडीला चिकटून बसतो आणि “हॅलो, हॅलो” संपत नाही.

सुरू झालं की वरच्या पट्टीत फोनच्या चित्राशेजारी वायफायच्या कमानी दिसतात किंवा ‘व्हो-वायफाय’ अशी अक्षरं येतात. आयफोनवर कंपनीच्या नावापुढे वायफाय असं लिहून येतं. खात्री करायची असेल तर विमानाचं चित्र असलेला एअरप्लेन मोड चालू करा. सगळं नेटवर्क जाईल. मग फक्त वायफाय पुन्हा चालू करा, मिनिटभर थांबा आणि घरातल्याच दुसऱ्या नंबरवर फोन लावा. लागला, म्हणजे तुमचा फोन टॉवरशिवाय बोलतोय. मग त्या दुसऱ्या नंबरवरून उलटा फोन करून बघा. येणारे फोन लागतात की नाही, हे पाहायला बरेच जण विसरतात, आणि खरी अडचण तर त्यांचीच असते. जाता जाता एक ओटीपीही मागवून पाहा. एसएमएसच्या बाबतीत कंपनी आणि हँडसेटप्रमाणे फरक पडतो, तेव्हा पैसे भरायच्या घाईच्या वेळी कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. सगळं तपासून झालं की एअरप्लेन मोड बंद करायचा. तसाच ठेवून बाहेर पडलात तर कुणाचाच फोन लागणार नाही.

पर्याय दिसतच नाही? आधी फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करून बघा. तरीही नसेल तर तो हँडसेट तुमच्या सिमच्या कंपनीच्या यादीत आहे का, ते कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक सेवेला विचारून तपासा. कारण फोनमध्ये सोय असून भागत नाही, कंपनीने त्या मॉडेलला मान्यता दिलेली असावी लागते. आणि एक लक्षात ठेवा, यासाठी कुणाला ओटीपी सांगावा लागत नाही की कुणी पाठवलेली लिंक उघडावी लागत नाही. “तुमचं वायफाय कॉलिंग चालू करून देतो” म्हणत कुणी फोन केला, तर तो सरळ ठेवून द्या.

खर्चाचं विचाराल तर

देशातल्या देशात याचे वेगळे पैसे लागत नाहीत. तुमच्या रिचार्जमध्ये कॉल मोफत असतील तर हेही मोफत. पाच मिनिटांच्या बोलण्याला साधारण ५ एमबी डेटा लागतो, म्हणजे एका रीलच्या हिशेबात काहीच नाही. मात्र वायफाय आहे म्हणून रिचार्ज संपल्यावरही फोन लागतील, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. प्लॅन चालू असावाच लागतो. परदेशात गेल्यावर प्रत्येक कंपनीचे नियम आणि दर वेगळे असतात, निघण्याआधी ते विचारून घ्या.

आवाज तुटत असेल तर दोष बहुतेक वेळा राउटरच्या जागेचा असतो. आपल्याकडे राउटर टीव्हीच्या मागे, नाहीतर कपाटावर सामानाच्या गराड्यात बसवलेला असतो, कारण केबलवाल्याला तिथपर्यंत वायर आणणं सोपं गेलेलं असतं. तो मोकळ्यावर, उंचावर, घराच्या मध्यभागी आणा. दोन नावांनी वायफाय दिसत असेल तर लांबच्या खोलीतल्या फोनला २.४ गिगाहर्ट्झवालं जोडा. ते भिंतीपलीकडे जास्त पोहोचतं. बोलण्याला वेग फारसा लागत नाही, अखंडपणा लागतो. त्यामुळे मोठा प्लॅन घेण्यापेक्षा, तुम्ही बोलत असताना चिरंजीव जे भलंथोरलं गेम डाउनलोड करत असतात ते थांबवणं जास्त उपयोगी पडतं. बोलत बोलत घराबाहेर पडायची सवय असेल तर फाटकापाशी कॉल वायफायवरून टॉवरवर उडी मारतो. तिथे फोर-जीची रेंज असेल तर तो टिकतो, नसेल तर तुटतो.

घरी ब्रॉडबँड नसेल तरी एक वाट आहे. समजा, तुमच्या कंपनीची रेंज नाही, पण जावेच्या फोनवर दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट चालतंय. तिच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करा आणि तुमचा फोन त्याला जोडा. तुमच्या फोनच्या दृष्टीने तेही वायफायच. डोंगराच्या एका अंगाला एकाच कंपनीचा टॉवर असलेल्या गावांत ही युक्ती फार कामाची आहे. दोन सिमच्या काही नव्या फोनमध्ये तर एका सिमच्या डेटावरून दुसऱ्या सिमचे कॉल आपोआप चालतात.

बाजारात आणि ऑनलाइन ‘सिग्नल बूस्टर’ म्हणून डबे विकले जातात, त्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. परवानगीशिवाय असं यंत्र बसवणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे. शिवाय त्याने आजूबाजूच्या सगळ्या वस्तीचं नेटवर्क बिघडतं. आपल्या घरात दोन काड्या वाढाव्यात म्हणून शेजारच्या आजोबांचा फोन बंद पाडण्यात काय अर्थ आहे?

लाइट गेली की?

इथे मात्र जपून राहायला हवं. टॉवरला स्वतःची बॅटरी असते, घरच्या राउटरला नसते. लाइट गेली की वायफाय गेलं आणि त्यासोबत वायफाय कॉलिंगही गेलं. नेमकं वादळ-पावसात, जेव्हा फोनची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच हे होतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचं नेटवर्कही कोलमडलं आणि मुंबई-पुण्यातल्या कितीतरी लोकांना गावच्या घरी काय झालंय हे कळेना. अशा संकटात कुठलंच सेटिंग कामाला येत नाही. पण रोजच्या तास-दोन तासांच्या भारनियमनावर उपाय आहे. राउटरसाठी लहानसा यूपीएस मिळतो, तो राउटर आणि फायबरचा छोटा डबा दोन्ही काही तास चालवतो. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच्या लाइनवर घ्या. पंखा आणि ट्यूब घेतात, राउटर राहून जातो. यूपीएस घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून घ्या.

दुसरी गोष्ट ११२ची. आपत्कालीन फोन लावला की मोबाइल आधी साधं नेटवर्क शोधतो, आपल्या कंपनीचं नसेल तर दुसऱ्या कंपनीचंही. वायफायवरून असा फोन लागेलच, या भरवशावर राहू नका. लागला तरी तुम्ही कुठे आहात हे पलीकडच्याला आपोआप नीट कळेल असं नाही. म्हणून पहिल्या वाक्यातच गाव, वाडी किंवा सोसायटी, जवळची खूण असा पूर्ण पत्ता सांगायचा. घरातल्या मुलांनाही तो पाठ असावा. आणि ती जुनी रेंजची खिडकी? ती घरात काम करणाऱ्या ताईंनाही माहीत असू दे.

येत्या गणपतीत किंवा दिवाळीत घरी जाल तेव्हा आई-बाबांच्या फोनवर हे करून द्या. मोदकांचं पुरण शिजेपर्यंत होईल. त्यांच्या खोलीत बसूनच एअरप्लेन मोडची परीक्षा घ्या, हॉलमध्ये बसून नको, कारण राउटर हॉलमध्ये असतो आणि त्यांना फोन येतात ते रात्री पलंगावर पडल्यावर. राउटर बंद-चालू कसा करायचा ते बाबांना त्यांच्या हाताने दोनदा करायला लावा. वायफायचा पासवर्ड मोठ्या अक्षरांत कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, कारण पासवर्ड बदलला की फोन वायफायवरून सुटतो आणि आईला वाटतं, हल्ली कुणी फोनच करत नाही.

आणि तुमचा जुना फोन आजीला देणार असाल, तर देण्याआधी तिचं सिम त्यात घालून बघा. तुमच्या कंपनीवर चालणारं वायफाय कॉलिंग तिच्या कंपनीवर त्याच फोनमध्ये चालेलच असं नाही. चाललं तर फोन तिच्या उशाशी चार्जरला लावा आणि बाहेरच्या ओट्यावरून तिला एक फोन करा.